कासीमभाई, आमोसने कागद लिहिला

कासीमभाई,

तुमच्या शोकसभेत इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अकरा मिनिटं बोलले. त्यातली नऊ स्वतःबद्दल होती. उरलेल्या दोनांत त्यांनी तुम्हाला 'तळागाळातला माणूस' म्हटलं. तुमची रेकॉर्ड रूम दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढी दुरुस्ती सुचवावीशी वाटली, पण सभा ऑनलाइन होती आणि माझा माईक त्यांनी बंद ठेवला होता. कंपनीचंही मेल आलं. त्यात तुमचं नाव बरोबर होतं, हुद्दा चुकला होता, आणि खाली गाडी हळू चालवण्याची नेहमीची सूचना होती.

तुम्ही म्हणाला असतात, "सोनवणे, बोलू द्या ना त्यांना. घरी कोण बोलायला देतो?" तुमच्यात हा दोष होता. समोरचा माणूस कितीही फुगलेला असला तरी त्याच्या आत कुठेतरी बिचारा बसलेला आहे, असं तुम्हाला दिसायचं. मला फक्त हवा दिसायची.

आपल्या त्या जुन्या कागदांतल्या आमोसच्या लोकांत शोकसभा कशी व्हायची ते आपण दोघांनीच टाइप केलं होतं. ना पुजारी, ना प्रार्थनागीत, ना अध्यक्ष. बाकांवर सगळे गप्प बसायचे. कुणाला आतून खरंच बोलावंसं वाटलं तर त्याने उठून बोलायचं आणि खाली बसायचं. नाहीतर तासाभराने शेजाऱ्याशी हात मिळवून घरी. वाचता वाचता मी म्हणालो होतो, "हा एकच धर्म मला परवडेल." तुम्ही म्हणालात, "तुम्हाला नाय परवडणार. तासभर गप्प बसायचं हाय."

तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी इथे पुन्हा लिहितो आहे, कारण हे सकीनाभाभी वाचणार आहेत आणि मुलंही. भाभींना आजवर वाटत होतं की आपण शुक्रवारी सकाळी पत्ते खेळतो.

पत्ते नव्हते, भाभी. लॉकडाऊनमध्ये तुमच्या यजमानांना कंटाळा आला होता. एकतीस वर्षं त्यांनी रिफायनरीच्या ठेकेदार कंपनीत इंजिनियरांच्या हस्ताक्षरातले तपासणीचे कागद लावले. सोनवणे इंजिनियरचं अक्षर ज्याला लागतं त्याला जगातलं कुठलंही अक्षर लागतं, असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांना इंटरनेटवर ओहायोतल्या एका खेड्याची इतिहास जपणारी मंडळी सापडली. त्यांच्याकडे दीडशे वर्षांहून जुने कागद पडून होते. एका क्वेकर शेतकरी घराण्याच्या रोजनिश्या आणि त्यांच्या सभेची इतिवृत्तं. घराण्यातल्या कुणा खापरपणतीला कुळाचा इतिहास लिहायचा होता आणि ते अक्षर तिला लागत नव्हतं. पानांचे फोटो यायचे, कासीमभाई वाचून टाइप करायचे, आणि मी ताडून पाहायचो. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांच्या सह्यांशिवाय कागद पुढे जाणार नाही. रेकॉर्ड रूमचा नियम त्यांनी क्वेकरांनाही लावला.

क्वेकर म्हणजे काय, हे आम्हीही वाचत वाचतच शिकलो. ख्रिस्ती, पण साधेपणाचा हट्ट धरलेले. कुणापुढे टोपी काढायची नाही. वारांची आणि महिन्यांची नावं जुन्या देवांवरून पडली म्हणून तीही नकोत, पहिला वार, सहावा महिना असंच लिहायचं. न्यायालयातसुद्धा शपथ घ्यायची नाही. शपथेवर खरं बोलणार म्हणजे एरवी खोटं बोलता की काय, असा त्यांचा सवाल. आणि कबरीवर नाव नाही. त्यांच्या दफनभूमीचा नकाशा आला तेव्हा, कासीमभाई, तुम्ही बराच वेळ पाहत होतात. नुसते चौकोन.

"आपल्या इथल्यासारखंच की," तुम्ही म्हणालात. "ज्याला शोधायचंय त्याला ठावूक असतं."

मदिनेत दफनाची जागा मिळावी असं प्रत्येकाला वाटतं, तुम्ही मात्र म्हणायचात की तिथे फार गर्दी आहे, मला दम्मामची चालेल. तुम्हाला दम्मामचीच मिळाली, सहाव्या दिवशी. भाभींचं संमतीपत्र वकिलातीत, वकिलातीचं पत्र पोलिसांत, पोलिसांचं इस्पितळात, कफीलची, म्हणजे मालकाची सही, तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना जमा, आणि मग खलास. मी मुसलमान नाही, म्हणून फाटकाबाहेर उभा राहिलो. आत वाळूवर कडेला रांगेने दगड, कशावरही काही लिहिलेलं नाही. तुमचा दगड कुठला ते मी फाटकातून मोजून ठेवलं आहे.

आता आमोसबद्दल, कारण आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरून झालं.

त्या शेतकरी घराण्यातल्या आमोसची बायको लवकर गेली. मागे पाच मुलं, त्यात लिडिया थोरली. घर तीच चालवायची. दूध, लोणी, सूत, भावंडांची दुखणी. आमोस सभेचा कारकून होता, म्हणजे इतिवृत्त त्याच्याच हातचं. रोजनिशीत हा माणूस स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. 'स्वच्छ ऊन. जवस पेरला. गाईला वासरू.' मी म्हणायचो की हा आपल्या पाइपलाइनच्या रिपोर्टपेक्षाही कोरडा आहे. तुम्ही म्हणायचात, शेतकरी आहे, तुमच्यासारखा लेखक थोडाच आहे.

मग लिडियाने शेजारच्या मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथातल्या मुलाशी लग्न केलं, दूरच्या गावी जाऊन, पगारी पाद्र्यासमोर. यांच्यात हा मोठा गुन्हा. त्यावर दंड नाही, मारहाण नाही, काही नाही. सभेतल्या दोन बायका घरी पाठवायच्या, समजूत घालायची, आणि सांगायचं की कागद लिही. आपण चुकलो असं स्वतःच्या हाताने लिहायचं, सभेत आणायचं आणि तो वाचला जात असताना सगळ्यांसमोर उभं राहायचं. सभेचं समाधान झालं तर माफ. नाहीतर नाव काढून टाकलं जायचं.

लिडियाने कागद लिहायला नकार दिला. तिचं नाव काढल्याचा ठराव इतिवृत्तात आहे, आणि खाली सही कारकुनाची. बापाची.

ती सही टाइप करून झाल्यावर मी खुर्ची मागे ढकलली होती. म्हणालो, "हा बघा तुमचा साधा शेतकरी. स्वतःच्या पोरीला घराबाहेर काढलं आणि वर रोजनिशीत हवामान लिहिलं."

 तुम्ही मागची पानं काढत होतात.

त्या काळी पोरीच्या अशा लग्नाला बापाची आतून संमती असली तर बापावरही ठपका येई. म्हणून दोन माणसं आमोसकडेही आली होती. त्यांनी विचारलं, मुलगी त्या दिवशी कुठे निघाली हे तुला माहीत होतं का. आमोसने उत्तर दिलं, मी त्या दिवशी दूरच्या वावरात नांगरत होतो. इतिवृत्त म्हणतं, सभेचं समाधान झालं.

तुम्ही रोजनिशीतलं त्याच दिवसाचं पान माझ्यासमोर ठेवलंत. 'दूरचं वावर नांगरलं. घोडी विसाव्याला.'

"मग?" मी म्हणालो.

"सोनवणे, याच्याकडे नांगराला जनावरं किती?"

"दोन. एक घोडा, एक घोडी."

"आणि त्या वावराची माती कशी? चिकण. यानंच दहादा लिहिलंय. चिकण मातीत एका बैलावर जोत धरतो काय कोण? घोडी विसाव्याला नव्हती. घोडी लिडियाखाली होती. बापानंच दिली."

मला ते पटलं होतं, कासीमभाई. आज सांगतो. तुमच्या घरची भाताची खाचरं, जोत, चिखल, ते सगळं तुमच्या त्या एका वाक्यात होतं, आणि माझ्या नाशिककडच्या द्राक्षांत त्याला उत्तर नव्हतं. पण मला हरायचं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "तुम्हाला सगळ्यांत दडवलेली माया दिसते, कारण दडवण्यात तुम्ही स्वतः तरबेज आहात."

तुम्ही लॅपटॉप मिटलात. "मी माझं दडवतो," म्हणालात. "तुम्ही कुणाचं दडवताय?"

ईदनंतरचा पहिला शुक्रवार होता तो. तुम्ही नमाजाला गेलात. जाताना नेहमी अरबीत 'यल्ला', चला, म्हणायचात, त्या दिवशी नाही म्हणालात. बुधवारी दुपारी रेकॉर्ड रूममधून फोन आला. मी वर पोचलो तेव्हा तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलेलं होतं.

आपण काय दडवलं होतं ते आता लिहायलाच हवं.

रमजानच्या आधी मी तुम्हाला गाडीने दम्मामच्या एका दवाखान्यात नेलं होतं. केरळचा डॉक्टर, तरुण, बोलायला गोड. तो म्हणाला, अँजिओग्राफी या आठवड्यात करा, पुढच्या नको. तुम्ही म्हणालात, ईदनंतर बघू. तो माझ्याकडे पाहू लागला. मी तुमचा कोण, असं त्याला वाटलं असेल. परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात, "नोकरीचे पाच महिने राहिलेत. कंपनीच्या मेडिकलला कळलं तर आजच घरी पाठवतील. सकीनाला कळलं तर उद्या. शपथ घ्या, कुणाला सांगणार नाय."

मी म्हणालो, "आपण क्वेकर झालो ना? शपथ घेत नाही."

तुम्ही हसलात. मीही हसलो. शपथ घेतली नाही आणि सांगितलंही नाही. एकदा तुमच्याशी भांडलो, एकदा दवाखान्याची वेळ परस्पर घेतली, ती तुम्ही रद्द केलीत. मग मी थांबलो. खरं कारण लिहितो. तुमच्याशी भांडून शुक्रवार गमवायचे नव्हते. माझं कुटुंब नाशिकला, इथे मला तुमच्याशिवाय सहन करणारं कुणी नाही.

रमजानच्या मध्यावर भाभींचा मला फोन आला. त्यांनी तुम्हाला व्हिडिओवर पाहिलं होतं. भाभी सरळ बाई. तब्येत कशी आहे असं मोघम त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "सोनवणेभाऊ, हे जिना चढताना मध्ये थांबतात काय?"

मी म्हणालो, "भाभी, इथे लिफ्ट आहे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही पण ना, भाऊ." मग तुमच्या आंब्यांच्या कलमांबद्दल बोलल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. लिफ्ट आहे. गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य मी कितीदा उलटसुलट करून पाहिलं, त्यात खोटं काही सापडत नाही.

दफनानंतर भाभींनी पुन्हा विचारलं. आवाज अगदी शांत होता. "तुम्हाला काही माहीत होतं काय?" मी म्हणालो, "भाभी, सगळं अचानक झालं." हेही खरंच. अचानकच झालं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात तिथं म्हणून आम्ही इकडे निर्धास्त होतो." आणि माझे आभार मानले. संमतीपत्रासाठी, पोलिसांसाठी, त्या सगळ्या धावपळीसाठी. मी ते आभार घेतले. अध्यक्षांना मी कोणत्या तोंडाने हसतो, हे त्या दिवशी मला कळेना.

गेल्या शुक्रवारी तुमच्या नावाने लॉगिन केलं. तुमचा पासवर्ड मला माहीत होता, तो तुम्ही मॉनिटरच्या खाली चिकटवून ठेवला होता आणि रेकॉर्ड रूमच्या नियमावर मला भाषणं देत होतात. शेवटचा गठ्ठा उरला होता, अडतीस पानं. सकाळी बसलो. तपासायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

लिडियाच्या हकालपट्टीनंतर सात वर्षांनी इतिवृत्ताचं अक्षर बदलतं. कारकून नवा. कारण त्या महिन्यात जुन्या कारकुनाने स्वतःविरुद्ध कागद आणला होता. तो जसा वाचला तसा उतरवून घेतला आहे. मी माझ्या मराठीत सांगतो. आमोसने लिहिलं होतं की मुलगी कुठे निघाली हे मला ठाऊक होतं. घोडी मीच दिली. ती गेल्यावर मी एकटा घोडा जुंपून दूरच्या वावरात एक फेरा नांगर ओढला, अशासाठी की पुढे कुणी विचारलं तर नांगरत होतो असं सांगता यावं. पुढचं वाक्य असं होतं: मी बोललो ते खरं होतं, आणि ते मी फसवण्यासाठी बोललो. शेवटी म्हणतो की माझ्या मुलीने एकटीने ठपका घेतला आणि मी त्यावर सही केली.

खाली नोंद आहे, कागद वाचला जात असताना तो उभा होता. मित्रांचं, म्हणजे सभेतल्या लोकांचं समाधान झालं नाही. विषय पुढच्या महिन्यावर ठेवला.

तुमचं बरोबर होतं, कासीमभाई. घोडी त्यानेच दिली होती. आणि माझंही थोडं बरोबर होतं, नांगर त्याने खरंच ओढला होता. एक फेरा. हा एक फेरा तुम्हाला सुचला नव्हता. तो कुणाला सुचतो ते मला माहीत आहे.

पुढच्या महिन्याचं पान नाही. रोजनिशीत मात्र त्याच आठवड्यात एक ओळ आहे. ऊन, कुंपणाची दुरुस्ती, आणि मग: 'लिडिया येऊन गेली. बसली नाही.'

माझ्यासारख्याला हे पुरे व्हायला हवं होतं. छान वाक्य, वहीत टिपून ठेवावं असं. मी ते टाइप केलं, जतन केलं, चहा ठेवला. मग गॅस बंद केला आणि भाभींना फोन लावला. उभ्यानेच बोललो. कुणी पाहत नव्हतं, तरी खुर्चीत बसवेना.

मी त्यांना सगळं सांगितलं. दवाखाना, डॉक्टर, 'या आठवड्यात, पुढच्या नको'. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. मी तुमच्यावर काही ढकललं नाही, तुम्ही गप्प राहायला सांगितलं होतंत एवढं मात्र सांगितलं, कारण ते खरं आहे. मग म्हटलं की तुम्ही जिन्याचं विचारलंत तेव्हा मी मुद्दाम लिफ्टचं बोललो, तुम्ही हसावं आणि पुढे विचारू नये म्हणून.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी तो बंद केला. भाभी बोलल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज वर चढला.

"मी हसले होते, भाऊ. मी लेकीला, फातिमाला पण सांगितलं, बघ, काय बोलतात सोनवणेभाऊ. दोन दिवस आम्ही हसत होतो."

मग त्यांनी विचारलं,

"कुठल्या तारखेला नेलंत त्यांना?"

मी तारीख सांगितली.

"म्हणजे चाळीस दिवस होते. आमच्याकडे चाळीस दिवस होते." मग म्हणाल्या, "मी तिकीट काढून आले असते. ओढून आणलं असतं. नसते आले तर नसते आले, ते माझं मी बघितलं असतं. तुम्ही कोण ठरवणारे?"

 मी म्हटलं, "कुणी नाही, भाभी."

"इम्रानला मी हे सांगणार नाय. तो रोज तुमचं नाव घेतो. सोनवणेकाका होते म्हणून अब्बांचं सगळं नीट झालं, म्हणतो. तुम्ही या. घरी या, आणि त्याच्यासमोर सांगा. फोनवर नाय."

"येतो," म्हटलं.

"तो काय बोलेल त्याची हमी मी घेत नाय."

"नका घेऊ."

मी रजेचा अर्ज दिला. आमच्या साहेबांनी कारण विचारलं. कौटुंबिक, असं लिहिलं. ते म्हणाले, कुटुंब नाशिकला ना, मग रजेतला पत्ता कासीमच्या गावचा, श्रीवर्धनच्या बाजूचा कशाला. मी म्हटलं, तिकडेही आहे.

तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं होतंत, आणि मी ते मोडलं. त्याबद्दल तुमच्यासाठी माझ्याकडे कागद नाही. तुम्ही सगळ्यांच्या वतीने एकटेच ठरवून टाकलंत, भाभींनी तिकडे काय करायचं तेही. आमोसचं तुम्हाला इतकं का लागत होतं ते आता कळतं. पण ते बोलायला तुम्ही लॅपटॉप पुन्हा उघडायला हवा होता. मी फोन करायला हवा होता, शनिवारी, रविवारी, सोमवारी, मंगळवारी. रुसण्यात मी चार दिवस घालवले. तुमच्यासारखा माणूस मला इथे दुसरा मिळणार नाही, आणि मिळाला तर मी त्याला नीट वागवीन याची खात्री नाही.

खापरपणतीला अडतीस पानं पाठवली. तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे, टाइप करणाऱ्याच्या जागी तुमचं. त्या पानांत तुमचा एक शब्द नाही, पण घोडी तुम्ही आधीच शोधली होती.

फोन ठेवायच्या आधी भाभींनी एक विचारलं. राग तसाच होता, पण आवाज खाली आला होता. "कंपनीनं त्यांची बॅग पाठवली. सगळं हाय, चष्मा नाय. तिकडे कुठे राहिला असेल काय?"

चष्मा रेकॉर्ड रूममधल्या तुमच्या टेबलावर होता. बॅग भरायला माणूस आला तेव्हा मी तो खिशात टाकला. कुणी पाहिलं नाही. इतक्या मोठ्या ऑफिसात एखादा चष्मा हरवतोच, असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं.

"माझ्याकडे आहे, भाभी," मी म्हणालो. "मीच ठेवून घेतला होता. घेऊन येतो."